गुरुवारचं ऑपरेशन

भिंगरीने बातमी दिली तेव्हा ताईच्या हातात चहाचा ट्रे होता, आणि तो खाली पडला नाही ही तिच्या नोकरीची पुण्याई. साहेबांच्या केबिनमध्ये तिने याहून वाईट बातम्या उभ्याने ऐकल्या होत्या, आणि दर वेळी हातात काही ना काही असायचंच. ट्रे टेबलावर टेकवायचा, कपांचे कान बसलेल्यांकडे वळवायचे आणि मगच तोंड उघडायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"परत एकदा सांग," ती म्हणाली.

"अगं, साहेब स्वतः करणार आईचं ऑपरेशन! दिवस तोच, गुरुवार. फक्त मॅडमच्या जागी साहेब. शब्द घेऊन आलोय त्यांचा." भिंगरी खुर्चीवर बसला होता म्हणायचं एवढंच, गुडघे त्याचे नाचतच होते. धाकट्या भावाला हे नाव वडिलांनी, म्हणजे नानांनी, तो पाळण्यात असतानाच ठेवलं होतं. आता डोक्यावरचे केस विरळ झाले तरी नाव काही सैल झालं नव्हतं.

आई सोफ्यावर उशांना टेकून बसली होती. तिच्या हृदयाची एक झडप निबर झाली होती, आडवं पडलं की दम लागायचा. झडप बदलायची हे ठरलं होतं, ती ताईच्या हॉस्पिटलातल्या सर्जन मॅडम बदलणार हेही ठरलं होतं, आणि आज सगळे जमले होते ते गुरुवारी कोण कधी थांबणार एवढं ठरवायला. दादाने पेपर गुडघ्यावर ठेवला. वहिनी आतून हात पुसत दारात आली.

"पण तुला साहेब भेटले कुठे?" ताईने विचारलं.

"लिफ्टमध्ये!" भिंगरीने मांडीवर थाप मारली. "तूच नाही का सांगितलं होतंस? केबिनमध्ये गाठायचं तर तुला ओलांडून जावं लागतं, आणि ते कुणाच्या बापाला जमलेलं नाही. पण राउंड संपला की साहेब सामानाच्या लिफ्टने खाली येतात, कारण तिथे कुणी अडवत नाही. शुक्रवारी तू आईच्या तपासण्यांसाठी रजेवर होतीस ना? मी आधीच लिफ्टमध्ये जाऊन उभा राहिलो. दार बंद झालं. आता जातील कुठे?"

दादा खो खो हसला. आईही हसली, आणि मग खोकली. ताईने तिला पाणी दिलं.

हसण्यासारखंच होतं. सामानाच्या लिफ्टचा किस्सा ताईनेच जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगितला होता. औषध कंपनीचा एक प्रतिनिधी त्या लिफ्टमध्ये चादरींच्या गाडीमागे दबा धरून बसला होता, आणि साहेबांनी त्याला तळमजल्यापर्यंत ती गाडी ढकलायला लावली होती. घरात या किस्स्यांना साहेबपुराण म्हणत. ताईच्या दारावरच्या पाटीवर एक्झिक्युटिव्ह असिस्टंट असं लिहिलेलं होतं, पण घरच्यांच्या लेखी ती हेडऑफिस होती. साहेब म्हणजे हॉस्पिटलचे मुख्य संचालक आणि शहरातले नाव काढण्याजोगे हृदयाचे सर्जन. त्यांची डायरी, भेटी, सभा, भाषणं, रागावलेले नातेवाईक आणि रुसलेले डॉक्टर हे सगळं ताईच्या टेबलावरून जायचं. कुणाला लगेच आत सोडायचं, कुणाला चहा पाजून थंड करायचं आणि कुणाला न दुखवता घरी पाठवायचं, हे तिला माणूस दारात दिसताक्षणी कळायचं. आपलं एखादं वाक्य आपल्याच घरातून असं चोरवाटेने साहेबांपर्यंत पोचेल, हे मात्र तिला कळलं नव्हतं.

"नाव सांगितलंस तू?" तिने विचारलं.

"नाव कशाला? नुसतं म्हटलं, तुमच्या ताईंचा भाऊ. चेहरा असा फुलला त्यांचा! म्हणाले, तुमच्या वडिलांचं मीच केलं होतं ना? मग आईंचं दुसऱ्या कुणी का करायचं? तुमच्या बहिणीने मला विचारलंसुद्धा नाही." भिंगरीने ताईकडे बघितलं. "हे मात्र मला लागलं हं. तू आम्हाला म्हणाली होतीस, साहेबांना वेळ नाही."

खोलीतलं हसू ओसरलं. दादा पुढे सरकून बसला.

"तू विचारलंच नव्हतंस?" तो म्हणाला.

ताईने विचारलं नव्हतं. का नव्हतं विचारलं, ते या घरात तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

गेल्या वर्षापासून साहेबांचा उजवा हात त्यांचं ऐकेनासा झाला होता. आधी तिला वाटलं, दमले असतील. मग सही बदलली. मग एका सभेत त्यांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. त्या दिवसापासून तिने त्यांचा कप अर्धा भरायला सुरुवात केली. त्यांनीही काही विचारलं नाही. सह्या सकाळच्या वेळेला आल्या, कारण सकाळी हात जरा शांत असायचा. महिन्यातून एकदा डायरीत 'दाताचे डॉक्टर' असं लिहून ती त्यांची दुपार मोकळी ठेवायची, आणि साहेब दुसऱ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचे. त्यांचे दात ठणठणीत होते. अवघड ऑपरेशनं एकेक करून मॅडमकडे गेली. सभा आडवी आली, पाहुणे आले, साहेबांना बाहेरगावी जायचं आहे. कारण ताई द्यायची आणि साहेब मान हलवायचे. दोघांत त्याबद्दल एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. आजवर कुणाला काही झालं नव्हतं, आणि ते तसंच राहावं म्हणून ताई जिवाचं रान करत होती.

पण साहेबांना भीड मोडवत नसे. जुन्या ओळखीचं कुणी गळ्यात पडलं की ते अजूनही हो म्हणून बसत. आणि ताईच्या आईपेक्षा जुनी ओळख कुठली?

"आपण त्यांना परत फोन करू आणि सांगू, ठरलंय तेच राहू दे," ताई म्हणाली. "मॅडमनी सगळे रिपोर्ट बघितलेत. तयारी झालीय."

"परत फोन करून काय सांगू? नको आम्हाला?" भिंगरी उठून उभा राहिला. "अगं, ज्या माणसाने नानांना मरणाच्या दारातून ओढून आणलं! नानांनी नातवंडं बघितली ती कुणामुळे? त्यांच्या हाताला गुण आहे."

"गुण आहे," दादा म्हणाला. हे वाक्य या घरात प्रार्थनेसारखं म्हटलं जायचं.

"मॅडमच्या हातालाही आहे."

"असेल. पण आपण त्यांचं बघितलेलं नाही." दादा शाळेत मुख्याध्यापक होता, आणि निकाल देताना आवाज खाली आणायची त्याची सवय होती. "हे बघ, भिंगऱ्याने न विचारता केलं ते चूकच. मला एरवी आवडलं नसतं. पण साहेब स्वतःहून हो म्हणालेत, आणि तू नाही म्हणतेस. काहीतरी कारण असेल ना? दे कारण. पटलं तर मी तुझ्या बाजूने."

ताईने कारण शोधलं. रोज हजार जणांना देण्याजोगी कारणं जिच्या जिभेच्या टोकावर असत, तिला स्वतःच्या सख्ख्या भावाला देण्यासाठी एकही सापडेना.

"साहेब आता व्यवस्थापनात जास्त असतात," ती म्हणाली. "सराव मॅडमचा जास्त आहे."

"मग ते हो कसे म्हणाले?"

"भिडेखातर."

"म्हणजे एवढा मोठा डॉक्टर भिडेखातर माणसाची छाती उघडतो?" दादा म्हणाला. "काहीतरीच बोलतेस."

वहिनी इतका वेळ दारातच होती. ती आता आत येऊन आईच्या पायाशी बसली आणि आईच्या पायावरचं पांघरूण सारखं करू लागली. पांघरूण सारखंच होतं.

"मी बोलू का?" ती म्हणाली. "ताई, रागावू नका. साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार असं तुम्हीच म्हणाला होतात. मग त्यांच्या खुर्चीत कोण बसणार?"

ताई ट्रेमधले कप गोळा करू लागली.

"मॅडमच ना? मग उद्या तुम्हाला काम त्यांच्याकडेच करायचंय. त्यात गैर काही नाही, ज्याला त्याला आपली नोकरी बघावी लागते. पण साहेबांच्या असिस्टंटने सख्खी आई मॅडमच्या हवाली केली, हे सगळ्या हॉस्पिटलला दिसेल. मॅडमना तर नक्कीच दिसेल. आणि मघापासून तुम्हाला दुसरं काही कारण सुचत नाहीये, म्हणून आपलं माझ्या मनात आलं."

भिंगरीच्या तोंडाचा आ झाला होता. हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता, आणि आता तो तिथून निघणार नव्हता. दादाने बायकोकडे डोळे वटारून बघितलं खरं, पण गप्प बस असं काही तो म्हणाला नाही. ताईला तेच जास्त झोंबलं.

तिला वाटलं, सांगून टाकावं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य ऐकलं की तिघंही हात जोडून तिची माफी मागतील. आणि मग भिंगरी ते विश्वासातल्या दोनच मित्रांना सांगेल, वहिनी माहेरी सांगेल, आणि आठवडा उलटायच्या आत साहेबांच्या हाताची चर्चा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये होईल. ज्या माणसाने बाप वाचवला आणि बापामागोमाग नोकरी दिली, त्याचं नाव आपल्या घरातून असं बाहेर जावं, हे तिला सोसवणारं नव्हतं.

"ऑपरेशन मॅडमच करतील," ती म्हणाली. "तुम्हाला काय समजायचं ते समजा."

"ते तू ठरवणार?" दादाचा आवाज चढला. "तू आईजवळ राहतेस, तिचं सगळं करतेस, मान्य. पण आई आमचीही आहे."

"अरे, आई इथेच बसलीय," सोफ्यावरून आई म्हणाली. "माझ्या डोक्यावरून काय भांडताय? ताई, चल, मला आतल्या खोलीत ने. गोळीची वेळ झाली."

गोळीची वेळ झालेली नव्हती. घरात कुठली गोळी कधी द्यायची हे ताईइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी ती उठली आणि आईच्या काखेत हात घालून तिला आत घेऊन गेली.

आतल्या खोलीत खिडकीपाशी आईचं शिलाई मशीन होतं. आता त्यावर ताईचे इस्त्रीचे कपडे ठेवलेले असत. आई पलंगाच्या कडेवर बसली आणि दम खाली येईपर्यंत थांबली.

"दार लोटून घे," ती म्हणाली. "साहेबांचा हात बिघडलाय ना?"

ताईने दार लोटलं आणि तशीच दाराला टेकून उभी राहिली.

"नको सांगूस. मी बोलते, तू नुसती ऐक. तुझ्या तोंडून साहेबांशिवाय दुसरं नाव निघायचं नाही. जेवायला बसलं की साहेब, फिरायला गेलं की साहेब. मग एकदम सगळं बंद. मला वाटलं, भांडण झालं. पण भांडलीस की तू भांडी आदळतेस. तू तर उलट पहाटेची उठून ऑफिसला पळायला लागलीस. कशी, तर तेव्हा माझ्यासाठी उठायचीस तशी."

"कधी?"

"माझी बोटं आखडली तेव्हा." आईने मशीनकडे हनुवटी केली. "माझी शिलाई वाकडी जायला लागली होती. तू पहाटे उठून ती उसवायचीस, सरळ घालायचीस, आणि कपडा होता तसा ठेवून द्यायचीस. तुला वाटायचं मी झोपलेय. मशीनच्या खडखडाटात कोण झोपतं गं?"

इतकी वर्षं ही गोष्ट ताईने एकटीने जपली होती, आणि ती एकटीची कधी नव्हतीच.

"मग बोलली का नाहीस?"

"बरं वाटत होतं मला. तूही बोलली नाहीस, मीही नाही. गिऱ्हाईक खूश, तू खूश, मी खूश. मग तू परीक्षेसाठी परगावी गेलीस, आणि त्याच आठवड्यात ती शाळेतली बाई कोटाचं कापड घेऊन आली. तिच्या निरोपसमारंभाचा कोट. मी शिवला. तिने घातला, आरशात बघितलं. एक बाही अशी वर, एक अशी. आणि ती मला म्हणाली, छान झालाय हं. घडी घालून पिशवीत ठेवला आणि गेली." आई थांबली. "तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तिचं ते 'छान झालाय' माझ्या कानातून अजून जात नाही. त्या दिवशी मी मशीन बंद केलं. पण ते आधीच बंद करायला हवं होतं, आणि ते मला तू सांगायला हवं होतंस."

"मी लहान होते."

"होतीस. आता नाहीस."

बाहेर भिंगरी आणि दादा हळू आवाजात काहीतरी बोलत होते. ताई आईच्या शेजारी येऊन बसली.

"ते अवघड ऑपरेशनं घेतच नाहीत आता," ती म्हणाली. "मी सगळी मॅडमकडे वळवते. माझं लक्ष असतं. कुणाला काही झालेलं नाही, आई." बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की नोकरीला लागल्यापासून आज पहिल्यांदा केबिनच्या आतली गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडली होती.

"तुझं लक्ष असतं. आणि शुक्रवारी तू रजेवर होतीस तेव्हा? तुझ्या भावाने लिफ्टमध्ये गाठलंच ना? उद्या दुसऱ्या कुणाचा भाऊ गाठेल. त्याची बहीण काही दारात बसलेली नसेल." आईने तिचा हात हातात घेतला. स्वतःची वाकडी बोटं तिने ताईच्या बोटांत अडकवली. "माझं कापड होतं म्हणून भागलं, ताई."

"मी असिस्टंट आहे त्यांची. मी काय सांगणार त्यांना?"

"मग कोण सांगणार? बायको गेली, मुलगी लांब. बाकीचे सगळे 'छान झालंय' म्हणणारे. तूसुद्धा त्यातलीच, फक्त तू उसवून परत शिवतेस." आईने दम घेतला. "हे बघ, तुझं गुपित मी बाहेर सांगत नाही. मॅडमकडूनच करून घेते, वर तुझ्या भावांचं तोंडही बंद करते. पण फुकट नाही. उद्या तू साहेबांना स्पष्ट सांगायचंस, की आता थांबा. नाही सांगितलंस तर गुरुवारी मी साहेबांच्याच टेबलावर झोपते. माझं काय, माझं सगळं बघून झालंय."

"आई, हे धमकावणं झालं."

"हो, मग? आजारी माणसाच्या हातात दुसरं असतं काय?"

बाहेर येऊन आई सोफ्यावर बसली, पांघरूण घेतलं आणि तिने जाहीर केलं, "मला बाई डॉक्टरच पाहिजे."

"म्हणजे?" भिंगरी म्हणाला.

"म्हणजे बाई. परक्या पुरुषासमोर मी छाती उघडी टाकून पडणार नाही. मीच ताईला म्हटलं होतं, मला मॅडम बघ. तुम्हाला सांगायची तिला लाज वाटली, म्हणून बोलली नाही बिचारी."

"पण आई, या वयात?" वहिनी म्हणाली.

"वयाचा काय संबंध? लाज काय निवृत्त होते?"

"अगं पण ते डॉक्टर आहेत!"

"पुरुष आहेत की नाहीत? मग झालं तर."

भिंगरीने दादाकडे बघितलं. दादाने पेपर उचलला, त्यात तोंड लपवलं आणि कान लाल करून तो शेवटचं पान वाचू लागला. या विषयावर आईशी वाद घालायची दोघांचीही छाती नव्हती. वहिनी तेवढी ताईकडे टक लावून बघत होती, आणि तिला यातलं अक्षरही पटलेलं नव्हतं. निघताना तिने चपला घालता घालता म्हटलं, "तुमचं बरं आहे, ताई. आई तुम्हाला कधी उघडं पडू देत नाहीत." ताईने ते ऐकून घेतलं. खोटं नव्हतंच ते.

सोमवारी ताई नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी पोचली. तिने साहेबांच्या टेबलावरच्या फायली लावल्या: डावीकडे सहीच्या, मध्ये वाचायच्या, उजवीकडे नुसत्या दाखवायच्या. जाड पेन पुढे ठेवलं. मग चहा आणला, कप अर्धा भरला आणि समोर उभी राहिली. एरवी साहेब आले की ती बाहेर जाऊन बसायची.

साहेब खुशीत होते. "तुमचा भाऊ भारी माणूस आहे," ते कोट काढता काढता म्हणाले. "लिफ्टची आयडिया त्याला कुणी दिली म्हणे? आणि तुम्ही मला परकं समजलात. आईंचं मी नाही करायचं तर कुणी करायचं?"

"साहेब, गुरुवारचं मी मॅडमकडे परत दिलंय. बुधवारचं जे तुमच्या नावावर होतं, तेही."

साहेबांचा हात कोटासकट खुंटीपाशी थांबला.

"कुणाला विचारून?"

"आईला."

ते वळले. रागावले की त्यांचा आवाज अगदी मऊ व्हायचा, आणि मोठेमोठे विभागप्रमुख त्या आवाजाने घाम पुसत बाहेर पडलेले ताईने पाहिले होते. "मी ऑपरेशन कुठलं करायचं आणि कुठलं नाही, हे आता तुम्ही ठरवणार?"

"इतके महिने मीच ठरवतेय साहेब. तुम्हाला माहीत आहे." एकदा थांबलं की पुन्हा सुरू करता येणार नाही हे ताईला कळत होतं. "माझंच चुकलं. मी कारणं देत राहिले आणि तुम्ही ती घेत राहिलात. मी एक दिवस रजेवर गेले तर माझी स्वतःची आई तुमच्या टेबलावर येणार होती. मला रात्रभर झोप नाही. तुमच्यावर आमच्या घराचा इतका जीव आहे, की हे तुम्हाला आमच्यातलं कुणी सांगणारच नव्हतं. म्हणून मी सांगतेय. आता थांबा, साहेब."

साहेब खुर्चीत बसले. आणि मग त्यांनी उजवा हात टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवला, झाकायचा प्रयत्न न करता. हात थरथरत होता. त्याखालचा कागद बारीक आवाज करत होता. नानांची छाती उघडून पुन्हा शिवणारा तो हात ताईने इतक्या जवळून, इतका वेळ कधी पाहिला नव्हता. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

"दाताचे डॉक्टरही हेच म्हणत होते," साहेब म्हणाले.

ताई रडता रडता हसली. साहेबही ओठांच्या कोपऱ्यात हसले, आणि मग खिडकीबाहेर बघू लागले. खाली गाड्या लागत होत्या, पहिल्या पाळीचे लोक आत येत होते.

"संचालक मंडळाची सभा उद्या आहे ना?" त्यांनी विचारलं. "शेवटी मला पाच मिनिटं ठेवा."

"सुरुवातीला ठेवते. शेवटी सगळे घड्याळ बघत असतात."

"बरं, सुरुवातीला." त्यांनी जाड पेन उचललं, पहिली फाइल ओढली आणि पुन्हा थांबले. "आणि गुरुवारी मी बाहेर बसेन, तुमच्या घरच्यांबरोबर. त्या बाकावर बसून कसं वाटतं ते इतक्या वर्षांत मी कधी बघितलंच नाही. तुमचा तो लिफ्टवाला भाऊ असेल ना? त्याला जे सांगायचं ते मीच सांगतो. तुम्ही नका सांगू."

"बरं."

ताईने डोळे पुसले आणि ती दाराकडे निघाली.

"एक मिनिट," मागून साहेब म्हणाले. त्यांनी कपाकडे बोट केलं. "हे घेऊन जा आणि भरून आणा. काठापर्यंत. सांडला तर सांडू दे."